मोटार-सायकल फटाके कां उडविते ?

पांवसकडून रत्नागिरीस येणारा रस्ता सड्यावरून भाट्याच्या खाडीकडे उतरूं लागला, कीं मोटार-सायकल चालविणारा मनुष्य सहजच हातांतली मूठ सैल सोडतो. इंजिनाचा जोर ओसरतो, गाडी आपल्याच भारानें खालीं येऊं लागते, आणि समोर खाडी व पूल दिसूं लागतात. अशाच उतारावर एका तरुणाच्या गाडीनें एका पावसाळ्यानंतर नवी खोड काढली. मूठ सोडली रे सोडली, कीं मागच्या नळींतून फट् फट् असे बार निघावयाचे. रस्त्याच्या कडेचीं गुरें बुजावयाचीं आणि पायीं जाणारीं माणसें दचकून मागें पाहावयाचीं.

गाडी त्याच्या वडिलांची होती. जुन्या बांधणीची, एकाच सिलिंडरची आणि लाथेनें सुरू होणारी. वडील हयात असतां संध्याकाळीं ती गाडी वाडीच्या तोंडाशीं आली, कीं तिच्या संथ ठोक्यावरून घरांतील मंडळी ती ओळखीत आणि आई चुलीवर चहाचें आधण ठेवी. वडील गेले, गाडी मुलाच्या हातीं आली; परंतु ठोका तोच राहिला होता. पुढें समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यानें आणि चार महिन्यांच्या पावसानें सायलेन्सर आंतून गंजला व त्याची चाळण झाली. मूळ नमुन्याचा सायलेन्सर महाग पडतो, म्हणून तरुणानें बाजारांत मिळाला तो स्वस्त सायलेन्सर बसवून घेतला. त्याच दिवसापासून फटाके सुरू झाले. पहिल्या संध्याकाळीं गाडी अंगणांत थांबली, तेव्हां आईनें आंतून विचारलें, "कोण आलें ?" त्या प्रश्नानें तो तरुण जितका अस्वस्थ झाला, तितका रस्त्यावरच्या लोकांच्या शिव्यांनीं झाला नव्हता.

मग उपाय सुरू झाले. एका मित्रानें सांगितलें, प्लग खराब झाला असावा, प्लग बदलला. दुसऱ्यानें सांगितलें, पेट्रोलांत भेसळ असावी, पंप बदलला. तिसऱ्याच्या सांगण्यावरून कार्ब्युरेटर उघडून धुऊन घेतला. पैसे गेले आणि फटाके राहिले. रोग न ओळखतां औषध देणाऱ्या वैद्याची जी गत, तीच येथें झाली. म्हणून हा बार कोठें होतो आणि कां होतो, तें आधीं नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

जर्मनींतील निकोलाउस ओटो यानें १८७६ सालीं चार पायऱ्यांचें इंजिन यशस्वी करून दाखविलें. आजच्या बहुतेक मोटार-सायकलींचें इंजिन त्याच तत्त्वावर चालतें. पहिल्या पायरींत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. दुसरींत तें दाबलें जातें. तिसरींत प्लगची ठिणगी पडून तें पेटतें व पिस्टनास खालीं लोटतें. आणि चौथींत जळलेला वायु बाहेरच्या झडपेंतून नळींत ढकलला जातो. इंजिनाचे मिनिटास ३,००० फेरे होत असतील, तर एका सिलिंडरांत दर सेकंदास पंचवीस वेळां ठिणगी पडून मिश्रण पेटतें. हें सर्व जळण सिलिंडराच्या आंतच पुरें व्हावें, अशी योजना असते. न जळलेलें मिश्रण नळींत जाऊन तेथें पेटलें, म्हणजे कानीं पडतो तो फटाका होय.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. बार मागच्या नळींतून होतो कीं पुढें कार्ब्युरेटरांतून भडका उलटा येतो, हें प्रथम पाहावें. कार्ब्युरेटरांतून शिंक आल्याप्रमाणें आवाज होत असेल, तर आंत घेणारी झडप नीट बसत नाहीं, ठिणगी अवेळीं पडते, किंवा मिश्रणांत पेट्रोल फार कमी आहे, असा संशय घ्यावा. दोन्ही आवाजांना लोक एकच नांव देतात, आणि मग एकाचें औषध दुसऱ्यास लावतात.

आतां नळींतला बार उतारावरच कां होतो ? पेट्रोल पुरें जळावयाचें, तर वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा लागते. मूठ सोडली म्हणजे आंत येणारें मिश्रण अगदीं थोडें होतें आणि सिलिंडरांत मागें राहिलेला जळका वायु त्यांत मिसळतो. असें पातळ मिश्रण कधीं पेटतें, कधीं पेटत नाहीं. जें पेटत नाहीं, तें तसेंच तापलेल्या नळींत जातें. परंतु तेवढ्यानें मोठा बार होत नाहीं. कारण नळींत जळका वायु भरलेला असतो आणि जळण्यास ताजी हवा लागते. ती हवा आली कोठून ? तर बहुधा एखाद्या सैल सांध्यांतून.

नळींतून वायु बाहेर जात असतां सांध्यांतून हवा आंत कशी येईल, अशी शंका कोणासही येईल. तिचें उत्तर मांडवीच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्यास ठाऊक आहे. लाट जोरानें वर येते. परंतु परततांना तीच लाट पायांखालची वाळू ओढून नेते. नळींतला वायुही असाच लाटांनीं चालतो. प्रत्येक उत्सर्जनाबरोबर दाबाची एक लाट बाहेर जाते आणि तिच्यामागून ओढीची लाट येते. त्या क्षणीं नळींतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो. सांध्यांत केसाएवढी फट असली, तरी त्या ओढीनें ताजी हवा आंत शिरते. तापलेली नळी किंवा पुढच्या फेऱ्याची ज्वाला तिला मिळते, आणि बार होतो.

सायलेन्सर बदलल्यावरच हें कां व्हावें, याचीं तीन कारणें संभवतात. पहिलें, सांधा उघडून पुन्हां जोडलेला असतो आणि तो पूर्वीसारखा घट्ट बसलेला नसतो. दुसरें, नव्या नळींतील अडथळा कमीजास्त झाल्यानें वायूच्या लाटांची चाल बदलते. त्यामुळें आंत ओढल्या जाणाऱ्या हवेचें प्रमाण बदलतें आणि मिश्रण पूर्वीपेक्षां पातळ पडूं शकतें. तिसरें कारण अगदीं साधें आहे. मूळ सायलेन्सरांत पडदे, कप्पे व भोंकांच्या नळ्या असतात. अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांतले मिल्टन व मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंनीं १८९७ सालीं इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या अशा साधनाचें पेटंट घेतलें. आवाजाची लाट कप्प्यांत पसरून व पडद्यांवर आपटून तिचा जोर मोडावा, ही त्यामागील कल्पना. स्वस्त सायलेन्सरांत हे पडदे पुष्कळदां नांवालाच असतात. मग पूर्वीं जे बारीक बार आंतल्या आंत जिरत, तेच आतां गल्लीभर ऐकूं येतात.

तो तरुण शेवटीं मारुती-मंदिराकडच्या एका वयस्क मेस्त्रींकडे गेला. मेस्त्रींनीं हत्यारास हात लावण्यापूर्वीं प्रश्न विचारले. बार मूठ सोडतांना होतो कीं पिळतांना ? इंजिन थंड असतां होतो कीं तापल्यावर ? चढावर गाडी पूर्वीसारखी ओढते काय ? सायलेन्सराबरोबर आणखी कांहीं बदललें काय ? उत्तरें ऐकून ते म्हणाले, "गाडी आज येथेंच ठेव आणि सकाळीं ये. ऊन इंजिनावर हात भाजतो, आणि खरें कारण हातीं लागत नाहीं."

सकाळीं त्यांनीं देवापुढची एक उदबत्ती पेटविली. मात्र त्याआधीं पेट्रोलचा कॉक व नळी गळत नाहींत ना, हें बोट फिरवून पाहिलें. गळती असेल तेथें उदबत्ती पेटवूं नये, हें त्यांनीं बजावून सांगितलें. मग थंड इंजिन सुरू करून त्यांनीं उदबत्तीचा धूर सांध्यांजवळून हळूहळू फिरविला. इंजिनाच्या तोंडाशीं धूर किंचित् हलला. परंतु नळी व सायलेन्सर जेथें जुळतात, तेथें तो एकदां बाहेर उडे आणि लगेच फटींत ओढला जाई. इंजिन बंद करून पट्टी सोडली, तों आंत काजळीचा काळा ओघळ दिसला. नव्या सायलेन्सराचें तोंड नळीपेक्षां थोडें मोठें होतें. बसविणाऱ्यानें मध्यें पत्र्याची चीप गुंडाळून वरून पट्टी आवळली होती. बाहेरून सर्व घट्ट दिसत होतें. आंत मात्र चिपेच्या दोन टोकांमध्यें फट राहिली होती.

मेस्त्रींनीं लेथवर मापाचें कडें करून घेतलें, उष्णता सोसणारा लेप लावून तें बसविलें, आणि इंजिनाच्या तोंडाशीं नवें पॅकिंग घातलें. एकदां दाबलें गेलेलें पॅकिंग पुन्हां वापरूं नये, हा त्यांचा नियम होता. नट एकदम न आवळतां त्यांनीं आळीपाळीनें थोडे थोडे आवळले, म्हणजे नळी एका अंगास तिरकी बसत नाहीं. इंजिन तापवून व पुन्हां पूर्ण निवूं देऊन तेच नट आणखी एकदां पाहिले. मग तरुणास त्यांनीं त्याच उतारावर पाठविलें. उतार तोच, वेग तोच आणि गिअरही तोच ठेवण्यास सांगितलें. एरवीं फरक पडला कीं नाहीं, तें कळावें कसें?

मोठे बार थांबले होते. बारीक चटचट मात्र उरली होती. आतां मेस्त्रींनीं प्लग काढून उजेडांत धरला. प्लगच्या टोंकाची चिनी माती कॉफीच्या रंगाची असावी. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, आणि पांढुरकी पडली असेल तर पेट्रोल कमी, असें समजावें. येथें ती पांढुरकी होती. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबराचा जोड वाकवून पाहिला. तो चिरलेला नव्हता. मग कार्ब्युरेटर उघडला. पूर्वीं धुणाऱ्यानें खालचें भांडें लखलखीत केलें होतें. परंतु संथ चालीस पेट्रोल पुरविणारा बारीक पायलट जेट तसाच राहिला होता, आणि त्याच्या भोंकांत चिकट मळ बसला होता. मेस्त्रींनीं तो द्रावणांत भिजवून हवेच्या झोतानें साफ केला. तार घालून भोंक उकरलें तर तें मोठें होतें आणि मग मापच राहत नाहीं, म्हणून तारेस त्यांनीं मनाई केली.

उरला मिश्रणाचा स्क्रू. तो फिरविण्यापूर्वीं मेस्त्रींनीं तो पूर्ण आंत हलकेच बसेपर्यंतचे फेरे मोजून खडूनें भिंतीवर लिहून ठेवले. काम फसलें तर निदान परत मूळ जागीं येतां यावें, हा त्यांतील हेतु. या स्क्रूविषयीं नेहमीं घोटाळा होतो. स्क्रू एअर-फिल्टरच्या बाजूस असेल, तर तो बहुधा हवेचा असतो आणि आंत पिळल्यानें पेट्रोलचें प्रमाण वाढतें. इंजिनाच्या बाजूस असेल, तर तो बहुधा पेट्रोलचा असतो आणि बाहेर काढल्यानें तें वाढतें. तापलेल्या इंजिनावर पाव पाव फेरा देत मेस्त्रींनीं चाल स्थिर केली. पुनः उतारावर पाहिलें, तों चटचट जवळजवळ नाहींशी झाली होती.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांस आणखी एक गोष्ट लागू आहे. २०२५ सालीं देशांत पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गाठलें गेलें. इथेनॉलच्या घटनेंतच प्राणवायु असतो. म्हणून त्यास जळण्यास हवा कमी लागते, आणि निव्वळ पेट्रोलसाठीं ठरविलेल्या जेटमधून तेंच मिश्रण थोडें पातळ पडतें. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल ओढून घेतें. कोंकणच्या दमट पावसाळ्यांत महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी सुरू करतांना टाकींतलें जुनें पेट्रोल बदलावें आणि रबराच्या नळ्या तपासाव्या, हें उत्तम.

सांधे व मिश्रण ठीक असूनही बार थांबत नसतील, तर ठिणगीकडे वळावें. ठिणगी उशिरा पडत असेल, तर झडप उघडेपर्यंत जळण पुरें होत नाहीं आणि ज्वाला नळींत जाते. अशा वेळीं नळी जास्त तापते व चढावर गाडी रडते. जुन्या गाडींत पॉइंटमधील अंतर, प्लगची टोपी व तारा पाहाव्या. शेवटीं झडपांचें अंतर मोजावें. बाहेरच्या झडपेस मोकळीक उरली नसेल, तर ती पुरी मिटत नाहीं. जळता वायु तिच्या कडेवरून सुटतो आणि कांहीं दिवसांनीं झडपच जळते. या दोषाकडे दुर्लक्ष केलें तर खर्च फार मोठा येतो.

नव्या गाड्यांची तऱ्हा थोडी निराळी आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले, आणि रस्त्यावरच्या बहुतेक नव्या मोटार-सायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारें यंत्र आलें. त्यांच्या नळींत प्राणवायु मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याच्या सांगण्यावरून संगणक पेट्रोल ठरवितो. बाजारच्या नळींत त्या सेन्सरसाठीं जागाच नसली, तर संगणकाचे डोळे बांधल्यासारखें होतें. सेन्सरच्या अलीकडे सांधा फुटका असला, तर बाहेरची हवा पाहून त्याला पेट्रोल कमी आहे असें वाटतें आणि तो तें नाहक वाढवितो. कांहीं गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठीं नळीच्या तोंडाशीं मुद्दाम ताजी हवा सोडणारी एक झडप असते. तिचा पडदा किंवा रबरी नळी फाटली, तर उतारावर बार होतात. तेथें ती झडप बुजवून टाकणें हा उपाय नव्हे. बिघडलेला भाग बदलणें हाच उपाय. दिव्यानें दोष दाखविला, तर अधिकृत दुकानांत यंत्र लावून तो वाचून घ्यावा.

कांहीं तरुण मात्र असे बार मुद्दाम काढतात. चालत्या गाडीचें बटण क्षणभर बंद करून पुन्हां चालू करतात. तेवढ्यांत कच्चें मिश्रण नळींत सांचतें आणि एकदम पेटतें. हा पराक्रम इंजिनास भोंवतो. नळींतील धूर शुद्ध करणारी जाळी अशा भडक्यांनीं वितळते किंवा फुटते. आणि रस्त्याच्या कडेस कोणी हृदयविकारानें आजारी आहे, कोणाच्या मांडीवर तान्हें मूल आताच निजलें आहे, याचा विचार त्या क्षणीं कोणी करीत नाहीं.

कायदाही याविषयीं स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असें सांगतो. १७५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या मोटार-सायकलीस कारखान्यांतून निघतांना ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाहीं; दहा डेसिबल वाढले, कीं कानास आवाज सुमारें दुप्पट वाटतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम १९० हें २०१९ सालीं कडक झालें. आवाज व प्रदूषण यांचे निकष मोडून गाडी चालविल्यास पहिल्याच अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात, आणि तीन महिने परवानाही जातो. महाराष्ट्रांतील शहरांत पोलिसांनीं असे सायलेन्सर उतरवून घेऊन त्यांवर रोलर फिरविल्याचें लोकांनीं पाहिलें आहे.

मेस्त्रींनीं पैसे घेतांना त्या तरुणास एवढेंच सांगितलें, "बार मी थांबविले, आवाज मात्र या सायलेन्सराचाच आहे. तो माझ्या हातचा नाहीं." त्यानें तें मनावर घेतलें. चार महिने पैसे बाजूस टाकून त्यानें मूळ नमुन्याचा सायलेन्सर आणविला. तो बसवितांना पॅकिंग नवें घातलें, नट आळीपाळीनें आवळले, आणि नळी बदलली म्हणून मिश्रणाचा स्क्रू पुन्हां एकदां तपासला. भिंतीवरचे खडूचे आंकडे अजून पुसले गेले नव्हते.

ज्यास ही पीडा असेल, त्यानें क्रम एवढाच धरावा. प्रथम बार केव्हां होतो तें पाहावें. मग सांधे, मग मिश्रण, मग ठिणगी, आणि शेवटीं झडपा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर तिची परीक्षा घ्यावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं. कामाला सुरुवात स्वस्त उपायापासून करावी; उदबत्तीला फार पैसे पडत नाहींत.

नवा सायलेन्सर बसविला त्या संध्याकाळीं तो तरुण भाट्याच्या उतारावरून मूठ सोडून आला. अंगणांत गाडी उभी केली, तेव्हां आई बाहेर आली नाहीं, आणि कोण आलें असेंही तिनें विचारलें नाहीं. चुलीवर आधण ठेवलेलें होतें.